परदेशात मॉडेल विमान उडवताना नोंदणी कोणाची, कशाची आणि कुठे?

आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रश्नकर्त्यांकडे सव्वादोन किलो वजनाचे, स्वतः बांधलेले रेडिओ-नियंत्रित ग्लायडर आहे. ते त्यांच्या देशात रीतसर नोंदवलेले असून पंखावर तो क्रमांकही चिकटवलेला आहे. येत्या सुट्टीत ते आधी अमेरिकेत एका मित्राच्या क्लबच्या मैदानावर, मग जर्मनी आणि स्वित्झर्लंडमध्ये डोंगरउतारावर आणि जमल्यास परतताना इंग्लंडमध्ये उडवण्याचा त्यांचा विचार आहे. मायदेशातली नोंदणी तिथे चालेल का, चालत नसेल तर मित्राच्या क्रमांकावर काम भागेल का, आणि ग्लायडर परत न आणता इंग्लंडमधल्या दुसऱ्या एका मित्राला देऊन टाकले तर काय करावे लागेल, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत. मी स्वतः अनेक वर्षे ग्लायडर उडवत आलो आहे आणि परदेशी स्पर्धांना जाणाऱ्या सहकाऱ्यांची कागदपत्रेही बऱ्याचदा माझ्याच गळ्यात पडली आहेत, म्हणून उत्तर जरा विस्ताराने देतो.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर नाही असेच आहे. तुम्ही सांगितलेल्या एकाही देशात मायदेशातली नोंदणी स्थानिक नोंदणीच्या जागी धरली जात नाही. हे अनेकांना खटकते, कारण मोठ्या विमानांच्या बाबतीत तसे होत नाही. एका देशात नोंदवलेले प्रवासी विमान दुसऱ्या देशात उतरते तेव्हा कोणी त्याच्या शेपटीवर नवा क्रमांक रंगवायला सांगत नाही. त्यामागे ७ डिसेंबर १९४४ रोजी शिकागो येथे झालेला आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतुकीचा करार आहे. ज्या देशात विमान नोंदले गेले त्या देशाचे राष्ट्रीयत्व त्याला मिळते आणि एकाच वेळी दोन देशांत त्याची वैध नोंदणी होऊ शकत नाही, असे त्या कराराची १७वी आणि १८वी कलमे सांगतात. मॉडेल विमाने मात्र या चौकटीबाहेर राहिली. केवळ मनोरंजनासाठी असलेली मॉडेल विमाने शिकागो कराराच्या तरतुदींत येत नाहीत आणि त्यांचे नियमन हा सर्वस्वी त्या त्या देशाच्या कायद्याचा विषय आहे, असे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने, म्हणजे आयकाओने, २०११ सालच्या आपल्या परिपत्रकात नमूद केले आहे. तेव्हा तुमच्या पंखावरचा क्रमांक हे ग्लायडरचे राष्ट्रीयत्व नसून एका देशाने आपल्या सोयीसाठी ठेवलेल्या वहीतली ती एक ओळ आहे. एका गावच्या ग्रंथालयाचे सभासदत्व दाखवून दुसऱ्या गावच्या ग्रंथालयातून पुस्तक नेता येत नाही, तसाच हा प्रकार आहे.

याच कारणाने स्पर्धकांचा होणारा एक गैरसमजही इथेच दूर करतो. फेडरेशन एरोनॉटिक ॲन्तरनास्योनाल, म्हणजे एफएआय, या हवाई क्रीडांच्या जागतिक संस्थेचा क्रीडा परवाना हा केवळ क्रीडा परवाना असतो. जागतिक स्पर्धेत नाव नोंदवण्यासाठी तो लागतो, परंतु यजमान देशाच्या विमान वाहतूक खात्याच्या नोंदणीची जागा तो घेत नाही. आयोजकांनी खात्याकडून स्पर्धेपुरती सवलत मिळवलेली असेल तर ती त्या स्पर्धेच्या माहितीपत्रकात लिहिलेली असते. तिथे ती लिहिलेली नसेल तर सवलत नाही असेच धरून चालावे.

आता अमेरिका. तिथली फेडरल एव्हिएशन ॲडमिनिस्ट्रेशन, म्हणजे एफएए, ०.५५ पौंडांहून जास्त, अर्थात २५० ग्रॅमच्या वर आणि ५५ पौंडांपेक्षा कमी वजनाच्या मॉडेलांची नोंदणी आपल्या ड्रोनझोन या संकेतस्थळावर करून घेते. मनोरंजनासाठी उडवणाऱ्याला तीन वर्षांसाठी पाच डॉलर शुल्क आहे, वयाची किमान अट १३ वर्षांची आहे, आणि मिळालेला एकच क्रमांक आपल्या मालकीच्या सर्व मॉडेलांवर लावता येतो. परदेशी माणसालाही हाच अर्ज, हेच शुल्क आणि हीच मुदत आहे. फरक पडतो तो हाती येणाऱ्या कागदाच्या कायदेशीर अर्थात. अमेरिकी नागरिक किंवा कायम रहिवासी नसलेल्या व्यक्तीला मिळालेले हे प्रमाणपत्र म्हणजे अमेरिकी विमान-नोंदणी नव्हे, तर ती केवळ मालकीची घेतलेली दखल आहे, असे एफएए सांगते. हे वाक्य वाचून आपला अर्ज नाकारला गेला असे समजणारे लोक मला भेटले आहेत. घाबरण्यासारखे त्यात काही नाही. अमेरिकी कायद्यानुसार विमानाची खरीखुरी नोंदणी नागरिकांच्या, कायम रहिवाशांच्या आणि ठराविक प्रकारच्या कंपन्यांच्याच नावे होऊ शकते, त्यामुळे परदेशी पाहुण्याला नोंदवहीत घ्यायचे पण विमानाला अमेरिकी राष्ट्रीयत्व द्यायचे नाही, यासाठी काढलेली ही तोड आहे. मैदानावर उडवण्याच्या दृष्टीने त्या क्रमांकाचा उपयोग इतरांच्या क्रमांकाइतकाच आहे.

मात्र ही सोय निव्वळ हौसेच्या उड्डाणापुरती आहे, हे नीट ध्यानात घ्यावे. कोणी मोबदला देऊन उडवायला सांगितले, किंवा एखाद्या व्यवसायासाठी त्या उड्डाणातून चित्रण करायचे ठरले, की मनोरंजनाचा अपवाद संपतो आणि परदेशी माणसाला व्यावसायिक उड्डाणाच्या नियमांबरोबर अमेरिकी परिवहन विभागाची परदेशी विमानांसाठीची वेगळी परवानगीही लागते. ती दोन आठवड्यांच्या सहलीत उरकण्यासारखी गोष्ट नाही.

नोंदणीच्या जोडीला अमेरिकेत आणखी दोन गोष्टी येतात. पहिली म्हणजे ट्रस्ट या नावाने ओळखली जाणारी सुरक्षा-चाचणी. ती २०२१ च्या जूनमध्ये सुरू झाली, मोफत आहे, घरबसल्या देता येते आणि परदेशी माणसालाही लागू आहे. चाचणी घेणाऱ्या संस्था तुमची नोंद ठेवत नाहीत, त्यामुळे प्रमाणपत्र हरवले की पुन्हा चाचणी देण्यावाचून गत्यंतर नसते. म्हणून ते फोनमध्ये आणि कागदावर, दोन्हीकडे ठेवावे. दुसरी गोष्ट म्हणजे रिमोट आयडी, अर्थात उडणाऱ्या मॉडेलाने स्वतःची ओळख आणि ठिकाण रेडिओलहरींवरून सतत प्रसारित करणे. हा नियम हौशी उड्डाणांना १६ सप्टेंबर २०२३ पासून लागू झाला, आणि अंमलबजावणीत दिलेली ढील १६ मार्च २०२४ रोजी संपली. स्वतः बांधलेल्या ग्लायडरात अशी यंत्रणा नसते, हे उघड आहे. त्यावर दोन मार्ग आहेत. एक तर प्रसारण करणारा छोटा जोड-संच विकत घेऊन तो मॉडेलात बसवायचा आणि त्याचा अनुक्रमांक आपल्या नोंदणीत भरायचा. हौशी उड्डाणकर्त्याला असा एकच संच आपल्या वेगवेगळ्या मॉडेलांत आळीपाळीने वापरता येतो. नाही तर एफएएने मान्यता दिलेल्या, फ्रिया या संक्षेपाने ओळखल्या जाणाऱ्या क्षेत्रातच उडवायचे. या क्षेत्रात रिमोट आयडी लागत नाही, पण संपूर्ण उड्डाणभर मॉडेल आणि ते उडवणारा माणूस दोघेही त्या हद्दीत असले पाहिजेत. उष्ण हवेच्या प्रवाहामागे ग्लायडर दूरवर नेण्याची सवय असणाऱ्याला ही हद्द किती लहान वाटते ते पहिल्याच दिवशी कळते.

परदेशात नोंदवलेल्या आणि रिमोट आयडीची यंत्रणा असलेल्या मॉडेलांसाठी उड्डाणापूर्वी एफएएला ओळखसूचना देण्याची आणखी एक तरतूद अमेरिकी नियमावलीत आहे. तुमचे ग्लायडर मायदेशी नोंदवलेले असल्याने, जोड-संच बसवला तर हा टप्पाही तुम्हाला पार करावा लागेल. म्हणून माझा सल्ला असा आहे की मित्राला त्याच्या क्लबचे मैदान मान्यताप्राप्त क्षेत्र आहे का ते आधी विचारावे, आणि असेल तर तिथेच समाधान मानावे. मान्यतेची मुदत ४८ महिन्यांची असते, तेव्हा ती चालू आहे ना, हेही विचारावे. अशी बरीच मैदाने १९३६ साली स्थापन झालेल्या अकॅडमी ऑफ मॉडेल एरोनॉटिक्स या संघटनेशी जोडलेल्या क्लबांची आहेत आणि तिथे पाहुण्यालाही संघटनेच्या सभासदत्वाबद्दल विचारले जाते. ती क्लबची अट आहे, एफएएची नव्हे. पण मैदान क्लबचे असल्याने ती पाळावीच लागते.

क्रमांक कुठे लावायचा याविषयी जुन्या मंडळींकडून चुकीची माहिती मिळण्याचा संभव आहे. पूर्वी तो बॅटरीच्या कप्प्यात आत लिहिला तरी चालत असे. २५ फेब्रुवारी २०१९ पासून तो बाहेरच्या पृष्ठभागावर, काही न उघडता वाचता येईल असा असावा लागतो. एकूणच अमेरिकेच्या नियमांबद्दल परस्परविरोधी सल्ले मिळण्याचे कारण अलीकडच्या इतिहासात आहे. नोंदणीचा नियम २१ डिसेंबर २०१५ रोजी आला. १९ मे २०१७ रोजी तिथल्या एका संघीय अपील न्यायालयाने, मॉडेल विमानांबाबत नवे नियम करण्याचा अधिकार २०१२ च्या कायद्याने एफएएला ठेवलेलाच नाही, असे म्हणून तो हौशी लोकांपुरता रद्द केला. त्याच वर्षी १२ डिसेंबरला संसदेने संरक्षण खर्चाच्या कायद्यात एक तरतूद घालून तो पुन्हा जिवंत केला, आणि २०१८ च्या कायद्याने तर २०१२ चे ते संरक्षक कलमच काढून टाकले. त्यामुळे २०१७ च्या उन्हाळ्यात कोणी ‘नोंदणी लागत नाही’ असे सांगितले असेल तर तेव्हा ते खरेच होते. आज तो सल्ला पाळणे नियमभंगाचे ठरेल.

मित्राच्या क्रमांकाचा प्रश्न इथेच घेतो. मित्राचा क्रमांक तुमच्या ग्लायडरवर चिकटवता येणार नाही, कारण अमेरिकेत नोंदणी मालकाच्या नावे असते आणि त्या ग्लायडरचा मालक तुमचा मित्र नाही. उलट, मित्राच्या मालकीचे, त्याच्या क्रमांकाचे मॉडेल तुम्ही उडवलेत तर तुम्हाला वेगळी नोंदणी करण्याची गरज नाही. ट्रस्टचे प्रमाणपत्र मात्र तुमच्या स्वतःच्या नावाचेच हवे, कारण ती चाचणी उडवणाऱ्यासाठी आहे. मालक आणि उडवणारा हा भेद ध्यानात आला की पुढच्या देशांचे नियम समजायला फारसा वेळ लागत नाही.

युरोपमध्ये पाऊल ठेवल्यावर नोंदणीची कल्पनाच बदलते. युरोपीय महासंघाचा २०१९/९४७ हा नियम ३१ डिसेंबर २०२० पासून लागू झाला. हौशी उड्डाणे ज्यात येतात त्या खुल्या गटात तो विमानाची नोंदणी मागत नाही, तर ऑपरेटरची मागतो, म्हणजे उड्डाणाची जबाबदारी असलेल्या व्यक्तीची. २५० ग्रॅम किंवा त्याहून जास्त वजनाचे काहीही उडवणाऱ्याने नोंदणी करायची. त्याहून हलक्या मॉडेलावर कॅमेऱ्यासारखा वैयक्तिक माहिती टिपू शकणारा संवेदक असेल आणि ते कायद्याच्या व्याख्येतले खेळणे नसेल, तरीही ती करावी लागते. नोंदणीत पूर्ण नाव, जन्मतारीख, पत्ता, ई-मेल, दूरध्वनी आणि जिथे विमा सक्तीचा आहे तिथे विमापत्राचा क्रमांक द्यायचा. मिळालेला ऑपरेटर क्रमांक आपल्या प्रत्येक मॉडेलावर लावायचा.

परदेशी माणसाने हे कुठे करायचे याचे उत्तर २०१९/९४५ या जोडनियमाच्या ४१व्या कलमात आहे: महासंघाबाहेर राहणाऱ्याचे सक्षम प्राधिकरण म्हणजे ज्या सदस्य देशात तो सर्वप्रथम उडवणार आहे त्या देशाचे प्राधिकरण. इथे नागरिकत्व पाहिले जात नाही, वास्तव्य पाहिले जाते. तुमच्याच देशाचा नागरिक पण कामानिमित्त ऑस्ट्रियात राहणारा माणूस ऑस्ट्रियातच नोंदेल, आणि तुम्ही जर्मनीत आधी उडवणार म्हणून जर्मनीत नोंदाल. त्या नोंदणीवर पुढे इतर सदस्य देशांतही उडवता येते. स्वित्झर्लंड महासंघात नाही, तरी १ जानेवारी २०२३ पासून त्यानेही हीच नियमावली स्वीकारली आहे, त्यामुळे जर्मनीतला क्रमांक तिथे चालेल. मात्र एकाच वेळी दोन सदस्य देशांत नोंदणी असणे हा नियमभंग आहे. आमच्या गटातल्या एका सहकाऱ्याने एका देशाकडून उत्तर यायला उशीर होतो आहे असे पाहून उतावीळपणे शेजारच्या देशातही अर्ज केला. आठवड्याभराच्या अंतराने दोन्ही क्रमांक हाती आले आणि मग एक रद्द करून घेण्याच्या पत्रव्यवहारात त्याची सुट्टी संपली. ज्यांच्याकडे त्या देशाची डिजिटल ओळख नाही त्यांचे अर्ज काही ठिकाणी पारपत्राची प्रत पाहून हाताने तपासले जातात आणि त्याला वेळ लागतो. म्हणून प्रवासाच्या निदान दोन महिने आधी अर्ज करावा, आणि एकाच ठिकाणी करावा.

ऑपरेटर क्रमांकाबद्दल एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट आहे. सुरुवातीला देशाची तीन अक्षरे, मग बारा यादृच्छिक चिन्हे आणि एक पडताळणीचे चिन्ह, असा तो सोळा चिन्हांचा असतो. त्यानंतर आडवी रेघ देऊन आणखी तीन चिन्हे दिलेली असतात. ही शेवटची तीन चिन्हे गुप्त आहेत. रिमोट आयडीच्या यंत्रणेत क्रमांक भरताना तो खरा आहे की नाही हे पडताळण्यासाठी ती वापरली जातात, आणि ती विमानावर लावायची नसतात. एका स्पर्धेत आमच्या संघातील एकाने सुबक अक्षरांत सगळी एकोणीस चिन्हे पंखावर छापून आणली होती. आदल्या रात्री केस वाळवण्याच्या यंत्राने त्या चिकटपट्ट्या सोडवत बसावे लागले.

नोंदणीखेरीज उडवणाऱ्याला ए१/ए३ या उपगटांची ऑनलाइन परीक्षा द्यावी लागते. तिच्यात ४० बहुपर्यायी प्रश्न असतात, उत्तीर्ण होण्यासाठी ७५ टक्के गुण लागतात आणि प्रमाणपत्र पाच वर्षे चालते. स्वतः बांधलेले सव्वादोन किलोचे ग्लायडर ए३ या उपगटात मोडते. म्हणजे परिसरात त्रयस्थ माणसे नसावीत आणि निवासी, व्यापारी, औद्योगिक किंवा करमणुकीच्या भागांपासून किमान १५० मीटर अंतर असावे. लोकप्रिय डोंगरमाथ्यांवर सहलीला आलेल्यांची वर्दळ असते, तिथे ही अट पाळणे अवघड जाते. उंचीची मर्यादा जमिनीच्या जवळच्या बिंदूपासून १२० मीटर आहे. उतारावर उडवताना समोर दरी खोल होत गेली की सरळ उडणारे ग्लायडरही ही मर्यादा आपोआप ओलांडते. नियम करणाऱ्यांच्या हे लक्षात आले होते, हे विशेष म्हणायला हवे. दहा किलोपेक्षा कमी वजनाच्या मानवरहित ग्लायडरला त्यांनी यात सूट दिली असून, ते उडवणाऱ्याच्या पायांपासून १२० मीटरहून वर कधीही गेले नाही म्हणजे झाले. पण ज्याचे मुक्त उड्डाण इंजिनावर अवलंबून नसते आणि इंजिन असलेच तर ते अडचणीच्या वेळेपुरते असते, अशी ग्लायडरची व्याख्या त्यात केली आहे. तुमच्या ग्लायडरला मोटर असेल तर ती उतारावर जपून वापरा.

क्लबच्या मैदानावर चित्र पुन्हा वेगळे होते. याच नियमाच्या १६व्या कलमाखाली मॉडेल विमानांच्या क्लबांना आणि संघटनांना राष्ट्रीय प्राधिकरणाकडून वेगळी परवानगी मिळते. तिच्यात उंची, अंतर, वय आणि पात्रता यांच्या अटी वरच्या अटींहून निराळ्या, बहुधा सैल असतात. आपल्या सभासदांची ऑपरेटर म्हणून नोंदणी क्लबनेच करून देण्याची सोयही प्राधिकरण ठेवू शकते. पाहुण्याला या परवानगीचा लाभ मिळतो का, हे ती परवानगी कशी लिहिली आहे यावर ठरते. काही ठिकाणी दिवसापुरते सभासदत्व घेतले की पुरते. तेव्हा क्लबच्या सचिवाला ‘आम्ही उडवू शकतो का’ एवढेच न विचारता ‘आपल्या परवानगीत पाहुण्यांचा उल्लेख आहे का’ असे विचारावे. पहिल्या प्रश्नाला सगळे हसून होकार देतात.

महासंघाचा नियम समान असला तरी देशांचे स्वतःचे कायदे त्यावर बसतात. जर्मनीत कितीही हलके मॉडेल असले तरी तृतीय पक्ष विमा सक्तीचा आहे. स्वित्झर्लंडमध्ये २५० ग्रॅमपासून पुढे किमान दहा लाख स्विस फ्रँकचे संरक्षण लागते. मायदेशातल्या संघटनेचा विमा परदेशी उड्डाणांना लागू आहे का, हे विमा कंपनीकडून लेखी घ्यावे आणि शक्यतो इंग्रजीत किंवा त्या देशाच्या भाषेत घ्यावे. फ्रान्सचा बेत ठरलाच तर तिथे ८०० ग्रॅम किंवा त्याहून जड यंत्राची, ऑपरेटरच्या नोंदणीखेरीज, यंत्र म्हणूनही वेगळी नोंद करावी लागते. हा फ्रान्सच्या २०१६ च्या कायद्याचा वारसा आहे. फ्रान्समध्ये सहज डोकावून येऊ असे म्हणणाऱ्यांची गाडी बहुधा इथेच अडते.

इंग्लंडसाठी वेगळी नोंदणी लागेल. ब्रिटन महासंघातून बाहेर पडल्यापासून युरोपचा क्रमांक तिथे आणि तिथला क्रमांक युरोपात चालत नाही. तिथल्या नागरी विमान वाहतूक प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०१९ पासून मालक आणि उडवणारा हा भेद अगदी उघडपणे मांडला: ज्याच्या जबाबदारीवर मॉडेल आहे त्याला ऑपरेटर आयडी आणि जो रेडिओ-नियंत्रकाच्या कांड्या हातात धरतो त्याला फ्लायर आयडी. तुम्ही दोन्ही आहात, तेव्हा तुम्हाला दोन्ही लागतील. फ्लायर आयडीसाठी ४० प्रश्नांची मोफत चाचणी आहे, त्यांपैकी ३० बरोबर यावे लागतात आणि ती पाच वर्षे चालते. ऑपरेटर आयडीला शुल्क आहे, ती दरवर्षी नव्याने घ्यावी लागते आणि त्यासाठी वय १८ पूर्ण असावे लागते. मॉडेलावर लावायचा तो ऑपरेटर आयडी. दोन्ही सारखेच दिसत असल्याने फ्लायर आयडी चिकटवणारे लोक मी पाहिले आहेत. १ जानेवारी २०२६ पासून तिथली वजनमर्यादाही खाली आली असून १०० ग्रॅमपासूनच फ्लायर आयडी लागते, आणि त्या वजनाच्या मॉडेलावर कॅमेरा असेल तर ऑपरेटर आयडीही लागते. कॅमेरा नसलेल्या मॉडेलाला ऑपरेटर आयडीची मर्यादा २५० ग्रॅमच आहे. तुमच्या ग्लायडरला याने फरक पडत नाही, पण बॅगेत सोबत नेलेल्या छोट्या खेळण्यासारख्या मॉडेलाला पडू शकतो.

तुम्ही विचारले नसले तरी दोन देशांचा उल्लेख करतो, कारण परदेशी माणसाच्या दृष्टीने ते दोन टोके आहेत. कॅनडात २५० ग्रॅमपासून पुढच्या यंत्राची नोंदणी सक्तीची आहे, पण ती करण्याची पात्रता नागरिक, कायम रहिवासी आणि तिथल्या संस्था यांनाच आहे. म्हणजे पाहुण्याने नियम पाळायचा म्हटले तरी त्याला नोंदणीचा अर्जच भरता येत नाही. त्याने ट्रान्सपोर्ट कॅनडा या तिथल्या परिवहन खात्याकडून विशेष उड्डाण प्रमाणपत्र मिळवावे लागते आणि त्यासाठी पुष्कळ आधी अर्ज करावा लागतो. अमेरिकेत ‘मालकीची दखल’ या नावाखाली जी तोड काढली आहे ती कॅनडाने काढली नाही, आणि हौशी माणसाला ही कडकाई मला अनाठायी वाटते. अमेरिकेतून गाडीने सीमा ओलांडून उडवू असे ठरवणाऱ्यांनी हे आधी वाचावे. जपानमध्ये उलट आहे. २० जून २०२२ पासून १०० ग्रॅम आणि त्यावरील प्रत्येक मानवरहित यंत्राची, त्यात मॉडेल विमानेही आली, नोंदणी लागते आणि ती परदेशी व्यक्तीलाही करता येते. तिची मुदत तीन वर्षांची आहे. पण तिथे नोंद यंत्राची होते, त्यामुळे तीन मॉडेले नेली तर तीन नोंदी होतात. शिवाय मॉडेल आणि ट्रान्समीटर यांच्या रेडिओयंत्रणेवर जपानचे गिटेकी हे अनुरूपतेचे चिन्ह असावे लागते, आणि इतर देशांत विकत घेतलेल्या बहुतेक संचांवर ते नसते. कागदपत्रे पूर्ण झाल्यावर ट्रान्समीटर उलटा करून पाहणारा माणूस इथे हमखास फसतो.

वजनाचा मुद्दा वारंवार आला आहे, म्हणून काटा कसा वाचायचा तेही सांगतो. सव्वादोन किलोला काळजी नाही, पण हाताने फेकण्याच्या ग्लायडरांचे वजन २५० ग्रॅमच्या काठावर घोटाळत असते. अमेरिकेत उड्डाणाच्या क्षणी मॉडेलावर असलेले आणि त्याला जोडलेले सगळे वजन धरतात. वाऱ्याच्या दिवशी आत सरकवलेली शिशाची किंवा पितळेची कांडीही त्यात येते. म्हणजे सकाळी नोंदणी न लागणारे मॉडेल दुपारी वारा सुटल्यावर नोंदणी लागणारे होऊ शकते. जपानमध्ये मात्र यंत्राचे मूळ अंग आणि बॅटरी यांचीच बेरीज करतात, सुटी करता येणारी जोडसामग्री त्यात धरत नाहीत. काठावरच्या मॉडेलाच्या बाबतीत मी तरी वाद न घालता नोंदणी करून मोकळा होतो.

शेवटचा प्रश्न ग्लायडर इंग्लंडमध्ये मित्राला देऊन टाकण्याचा होता. ते तुम्ही त्याच्या स्वाधीन केले की जबाबदारीही त्याच्याकडे जाते. तेव्हा तुमचा ऑपरेटर आयडी काढून त्याचा लावला गेला पाहिजे, आणि हे त्याच्या पहिल्या उड्डाणाआधी झाले पाहिजे. तुमची पट्टी तशीच राहिली आणि पुढे काही अपघात झाला तर चौकशी तुमच्या नावाने सुरू होईल. पंखावरचे जर्मन आणि अमेरिकी क्रमांकही त्याच वेळी काढावेत. तुमचे अमेरिकी खाते आणि युरोपीय ऑपरेटर क्रमांक मात्र मुदत असेपर्यंत तुमचेच राहतात, ते तुमच्या पुढच्या मॉडेलावर वापरता येतील. अमेरिकेच्या नोंदणीत या ग्लायडरचे नाव भरले असेल तर ते तिथून वगळावे. मायदेशात ग्लायडर यंत्र म्हणून नोंदलेले असेल तर तिथेही मालकी संपल्याची सूचना द्यावी. घरून निघताना सीमाशुल्क खात्याकडे ते परत आणण्याच्या अटीवर दाखवलेले असेल, तर देण्याचा निर्णय निघण्यापूर्वीच घेऊन तसे नोंदवावे. विमानतळावर परतल्यावर रिकामी पेटी दाखवून तो खुलासा करणे फार जड जाते.